मठाआधीचं तळं

आधीच सांगून टाकते, मला कुठेही जायचं नव्हतं. ज्यांना प्रवासाची हौस आहे त्यांनी खुशाल जावं, फोटो काढावेत आणि आल्यावर आम्हाला दाखवावेत. मी प्राथमिक शाळेत शिकवते. निकाल लावून, प्रशिक्षणं उरकून, घरोघर फिरायची सरकारी कामं संपवून मे महिन्यात माझ्या वाट्याला जे काही दिवस उरतात ते मी गुडघ्यांना तेल लावून पंख्याखाली आडवी पडून काढते. यंदाही तोच बेत होता. तेवढ्यात आमच्या जास्मिनने तळ्याचं काढलं.

जास्मिन आमची एकुलती एक मुलगी. चोवीस वर्षांची, एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करायची. नाताळाची धामधूम ओसरल्यावर एकदा जेवताना तिने सांगितलं की तिला पाचारण झालंय, ती सिस्टर होणार. मंगळूरजवळच्या एका मठात चार दिवस राहूनही आली होती. आम्हाला वाटलं होतं, चर्चच्या तरुणांचं शिबिर आहे. मे संपता संपता तिला तिथे दाखल व्हायचं होतं. आमच्या वसईत चार घरं सोडली की एखाद्या घरात फादर नाहीतर सिस्टर निघतेच, त्यामुळे बातमी फुटल्यावर लोक अभिनंदन करायला येऊ लागले. मी त्यांच्यासाठी चहा टाकायची, "देवाची कृपा" म्हणायची, आणि संध्याकाळच्या रोजरीत, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेत, नेमकं उलटं मागायची. नवऱ्याला, म्हणजे पास्कलला, विचारलं तर तो म्हणाला, "तिचं तिना कळतं." एवढंच. पास्कल वसईतल्या पाचूबंदरचा कोळी आहे. भावांच्या सोबतीने त्याची बोट आहे, आणि जमिनीवर तो फार बोलत नाही.

तर जास्मिनने कुठेतरी एका तळ्याचं चित्र पाहिलं होतं. केरळातल्या डोंगरावर, राष्ट्रीय उद्यानाच्या आत, पाण्यात वाळलेल्या झाडांची खोडं उभी असलेलं. "आत गेल्यावर मला कुठे फिरायला मिळणार?" ती म्हणाली. "आपण आपल्या गाडीनेच जाऊ. फुल रोड ट्रिप. आधी तळं, मग येताना मला मठात सोडा."

म्हणजे जाताना तिघं आणि येताना दोघं. मी हो म्हटलं ते तळ्यासाठी नाही. इतके दिवस एका छोट्या गाडीत ती माझ्या हाताशी असणार होती, कुठे उठून जाऊ शकणार नव्हती. तिला परत घेऊनच वसईला यायचं, हा माझा प्रवासाचा खरा कार्यक्रम होता. पास्कललाही सवड होती. बोटी किनाऱ्यावर ओढून, झावळ्यांनी शाकारून झाल्या होत्या आणि आता पाऊस सरेपर्यंत त्याला घरात आमच्या पायांत पायांत करण्यावाचून काम नव्हतं.

कोल्हापूर, हुबळी आणि पुढे

घोडबंदरच्या रस्त्यावर जो वेळ गेला त्याबद्दल काही लिहीत नाही. पुण्याचा घाट चढेपर्यंतच मी दमले होते. त्यातून सासूबाईंनी मठातल्या सिस्टरांसाठी म्हणून सुक्या बोंबलांचं भलंमोठं बोचकं डिकीत कोंबलं होतं. एसी लावला की सगळी गाडी मच्छीबाजार व्हायची, आणि काच खाली केली की मे महिन्याचं ऊन आत यायचं. शेवटी आम्ही वासाची बाजू घेतली.

साताऱ्याच्या पुढे मी कामाला लागले. "मठात भांडी घासावी लागतात हां, रोज, सगळ्यांची," मी सुरुवात केली.

"घरी पण मीच घासते ना मम्मी," मागून उत्तर आलं.

पास्कल खोकला. हसू आलं की तो खोकतो. मग मी तिच्या मैत्रिणींच्या बाळांचा विषय काढला, त्यावर तिने कानात इयरफोन घातले. पहाटे उठणं, बदलीवर कुठल्या कुठे पाठवणं, आजारी पडलीस तर कोण, असे एकेक विषय मी कर्नाटकात शिरेपर्यंत संपवले. हुबळीच्या लॉजमध्ये पाठ टेकली तेव्हा माझ्याकडे पुढच्या दिवसासाठी एकही मुद्दा उरला नव्हता. दुसऱ्या दिवशी मी गप्प बसून बघितलं. आईचा अबोला मुलीला लागतो असं म्हणतात, पण ती छान झोपली, थेट तामिळनाडूत उठली.

बाहेरचा मुलूख मी मन लावून पाहिला असं म्हणणार नाही. पवनचक्क्या पाहिल्या, मैलोगणती उजाड माळ पाहिला, एका ढाब्यावर केळीच्या पानावर इतका भात वाढला की माझं आणि पास्कलचं मिळून एक पान झालं असतं. ते लोक भातावर सांबार, मग रसम, मग ताक असं क्रमाने घेतात. आमच्यात कालवण एकदाच पडतं आणि तेच शेवटपर्यंत पुरवायचं असतं. पास्कलने तिन्ही एकदम ओतून घेतलं. वाढणारा माणूस त्याच्याकडे बघत उभा राहिला.

अंधार पडू लागला की मात्र आम्ही गाडीतच रोजरी म्हणायचो. पास्कल गाडी चालवता चालवता सुरुवात करायचा, मागून जास्मिन उत्तर द्यायची. तिचा आवाज चांगला आहे. मला ते ऐकवत नसे आणि मी खिडकीबाहेर बघत माझी उलटी मागणी मागत बसायची.

कुमळी

कंबमच्या द्राक्षबागा संपल्या की रस्ता एकदम डोंगरावर चढतो. वळणावळणाला माझा जीव गोळा होत होता. वर राज्याची हद्द लागते आणि हवा बदलते. गार नाही, पण जिवाला जरा बरं वाटेल अशी. कुमळी हे उद्यानाच्या दारातलं गाव, मसाल्यांच्या दुकानांनी भरलेलं. वेलचीचा वास इतका की आमच्या बोंबलांचं काही चालेना.

आम्ही उतरलो ते अन्नम्मा नावाच्या बाईंच्या घरी. खालच्या मजल्यावर त्या राहायच्या, वरच्या दोन खोल्या पाहुण्यांना द्यायच्या. साठीच्या, एकट्या, पायात काहीतरी खुपत असल्यासारख्या चालणाऱ्या. त्यांना हिंदीचे आठ-दहा शब्द यायचे आणि पास्कललाही फारसं नाही, त्यामुळे त्या दोघांचं उत्तम जमलं. जेवायला त्यांनी उकडलेला कप्पा, म्हणजे टॅपिओकाचा कंद, आणि लालभडक माशाचं कालवण दिलं. आंबटपणासाठी त्यात काळं, धुरकट वासाचं एक फळ असतं. आमच्या चिंचेपेक्षा ते खोल लागतं. मी कधी नव्हे ते दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

पास्कलने मात्र कालवणाला हात लावण्याआधी स्वयंपाकघरात जाऊन उरलेला कच्चा मासा बघितला. कल्ला वर केला, बोटाने दाबला आणि परत येऊन बसला. "बर्फातला हाय. दोन दिवसांचा," तो मला म्हणाला. अन्नम्मांना शब्द कळले नाहीत तरी मुद्दा समजला. त्यांनी घाटाखाली बोट दाखवलं, हाताने ट्रक चालवून दाखवला, आणि मासे वर यायला कसा वेळ घेतात ते डोळे मिटून झोप काढून दाखवलं. पास्कल खोकला आणि त्याने सगळं ताट चाटून पुसून संपवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने एक अशी गोष्ट केली जी केवळ आमच्या बंदरावरचा माणूसच करू शकतो. रात्रीच्या दमट हवेने बोंबील ओलसर झाले होते. आमच्याकडे मासळीला ओल लागली की ती उन्हात घालायची, यात विचार करण्यासारखं काही नसतं. तो गच्चीवर गेला, चादर अंथरली, बोंबील मांडले आणि खाली चहाला आला. त्याच्या हे ध्यानात आलं नाही की इथे कावळे हाकलायला कोणी बसलेलं नाही, आणि कावळ्यांशिवाय इथे माकडं आहेत.

माकडांनी बोंबील खाल्ले नाहीत. प्रत्येक उचलला, हुंगला, आणि खाली टाकला. समोरच्या हॉटेलच्या अंगणात एक नवविवाहित जोडपं नाश्ता करत होतं, त्यांच्या टेबलावर पाऊस पडावा तसे बोंबील पडले. नवरी किंचाळली. पास्कल हात जोडत धावला, बोंबील गोळा करू लागला, आणि एक बशीतही पडलाय हे तो त्या बिचाऱ्या नवऱ्याला मराठीत समजावून सांगत होता. जास्मिन पायरीवर बसून इतकी हसली की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. हीच पोरगी आठवड्याने माझ्या घरात नसणार, हे मनात आलं आणि मला चहा जाईना.

रविवारची मिस्सा

तो रविवार होता. अन्नम्मा आम्हाला त्यांच्या चर्चमध्ये मिस्सेला, म्हणजे रविवारच्या उपासनेला, घेऊन गेल्या. दाराबाहेर चपलांचा ढीग बघून मी थबकले. वसईत आम्ही बूट-चपला घालून बिनधास्त आत जातो. इथे देवळासारखं अनवाणी जायचं. आत बायकांनी डोक्यावरून पदर घेतलेले. आम्ही घरच्या सवयीने तिघं एका बाकावर बसलो. शेजारी पांढऱ्याशुभ्र कपड्यातल्या एक आजीबाई होत्या, त्यांनी पास्कलला हाताने सरका, सरका असं केलं. त्याला वाटलं त्या जागा करून देतायत, म्हणून तो आणखी आत सरकला. त्यांनी पुन्हा हात केला, तो आणखी सरकला. शेवटी एक गृहस्थ येऊन त्याला दंडाला धरून पलीकडे घेऊन गेले, तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की अख्ख्या अर्ध्या चर्चमध्ये तो एकटा पुरुष होता. बायका एका बाजूला आणि पुरुष दुसऱ्या.

मिस्सा मल्याळममध्ये आणि त्यांच्या वेगळ्या रीतीची. कधी उभं राहायचं, कधी बसायचं हेसुद्धा शेजारणीकडे बघून करायचं. आमच्या वसईत ज्या जागी सगळं चर्च एका सुरात उत्तर देतं तिथे इथेही देत होतं, पण मला एक अक्षर कळत नव्हतं. मी काही मनाला लावून घेतलं नाही. थकलेल्या माणसाला न कळणारी प्रार्थना बरी वाटते, डोळे मिटता येतात. एकदा उघडून बघितलं तर जास्मिन ओढणी घट्ट धरून सरळ समोर बघत होती. तिचे ओठ हलत नव्हते. मी तेव्हा त्याचा फारसा विचार केला नाही.

तळ्यावर

दुपारी आम्ही उद्यानात गेलो. आपली गाडी बाहेर ठेवून त्यांच्या बसने आत जायचं असतं. मग धक्क्यापर्यंत चाल, मग रांग, मग आणखी एक रांग. ज्यासाठी एवढे डोंगर ओलांडले ते तळं नसून धरणाचं पाणी आहे हे मला रांगेत कळलं. कुणे एके काळी नदी अडवली, जंगल पाण्याखाली गेलं, आणि बुडलेली झाडं अजून तशीच उभी आहेत. मी जास्मिनला म्हटलं, "एवढ्यासाठी आलो? आपल्याकडे काय धरणं नाहीत?"

"गप ना मम्मी. बघ तरी."

बघितलं. खोटं कशाला बोलू, सुंदर होतं. उन्हाळ्याने पाणी खाली गेलेलं, काठाने लाल मातीचा रुंद पट्टा, त्यावर गवत, मग हिरवं रान थेट आभाळापर्यंत. आणि पाण्यात ती काळी खोडं, प्रत्येकावर एकेक पाणकावळा पंख पसरून बसलेला. एवढं मोठं पाणी आणि लाटेचा आवाज नाही, खारा वास नाही. मला ते जरा चुकल्यासारखंच वाटत होतं.

बोटीत बसताना सगळ्यांना नारिंगी जॅकेटं घालायला लावली. पास्कलच्या पोटावर त्याचा पट्टा बसेना, तर तिथल्या रक्षकाने पोट आत घ्यायला लावून तो आवळला आणि खुर्चीवर दाबून बसवलं. शिट्टी वाजवून सांगितलं, कोणी उठायचं नाही. जो माणूस वयाच्या दहाव्या वर्षापासून होडीत उभा राहून जाळं ओढतोय त्याला आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी होडीत कसं बसायचं ते शिकवलं. तो मुकाट बसला. पण त्याचे डोळे समुद्रावरचे. बोट वळणावर आली आणि कोणालाही काही दिसायच्या आत तो ताडकन उभा राहून ओरडला, "ते बघ गो, हत्ती!"

शिट्टी कर्कश वाजली. "सिट! सिट डाउन!" रक्षक धावत आला. पास्कल शिक्षा झालेल्या पोरासारखा खाली बसला. पण हत्ती खरेच होते, पलीकडच्या काठावर, अगदी बारीक, गवतात. सगळी बोट त्या बाजूला बघू लागली आणि रक्षकानेही डोळ्यांवर हात धरून बघितलं. मग त्याने वाकून पास्कलच्या खांद्यावर थाप मारली. पुढचा सगळा वेळ पास्कल मान ताठ करून बसला होता.

उतरताना त्याने धक्क्याच्या पायरीवर वाकून दोन बोटं पाण्यात बुडवली आणि जिभेला लावली. "एवढं पानी, नि मीठ नाय," तो म्हणाला. जास्मिनने त्याचा हात ओढला, "डॅडी, चला, लोक बघतायत." ती या सगळ्यात हसली नव्हती. जिच्यासाठी इथवर आलो तिने फोटोही एखाददुसराच काढला होता.

अन्नम्मांची पडवी

परत आलो तेव्हा ऊन कलत होतं. अन्नम्मांनी काळ्या चहाचे पेले दिले आणि त्या आत गेल्या. आम्ही तिघं पडवीत बसलो. मी पाय खुर्चीवर ठेवले होते, पास्कल एका मोडक्या खुर्चीचा पाय हलवून बघत होता. आणि जास्मिन पेल्यात बघत म्हणाली, "मम्मी, आपण घरी जाऊ या का?"

"उद्या निघतोयच की."

"तसं नाही. सरळ घरी. मला नाही जायचं तिकडे."

मी पाय खाली घेतले. माझ्या कानांवर माझा विश्वास बसेना. ती बोलत सुटली. सकाळी मिस्सेत तिला एकदम कळलं म्हणे की पुढे सगळं असंच असणार. सगळ्यांना उत्तरं येतायत आणि आपल्याला नाही. "तिकडे कोणालाच आपली भाषा येणार नाही मम्मी. मला राग आला तर मी कुठल्या भाषेत येऊ देऊ? इंग्लिशमध्ये रडू?" ती रडायलाच लागली. मी उठून तिला जवळ घेतलं. मला आनंद झाला होता, तो लपवायचं मला कारण नाही. पाच महिने जे मागत होते ते मला डोंगरावर, परक्या पडवीत, चहाबरोबर मिळालं होतं. मंगळूरला कोकणी चालते आणि कोकणी आपल्याला निम्मी तरी कळते, हे मला ठाऊक होतं. ते मी बोलले नाही.

"मी उद्या त्यांना फोन करून सांगते," नाक पुसत जास्मिन म्हणाली.

 पास्कल खुर्चीच्या पायाकडे बघत होता. त्याच्या मनात काय चाललंय ते मला न सांगता कळलं, कारण तेच माझ्याही मनात आलं. माझे वडील तांडेल होते, म्हणजे बोटीचे मुख्य. आमच्या बंदरावर मोसम संपला की तांडेल आपल्या खलाशांना घरी जेवायला बोलावतो. जो जेवला त्याने पुढच्या मोसमाला याच बोटीवर यायचं कबूल केलं, त्याला वेगळी सही लागत नाही. मन बदललं तर बदलू शकतं, कोणी बांधून ठेवत नाही. पण मग त्याने स्वतः यायचं, बोटीपाशी उभं राहायचं आणि तांडेलाला तोंडावर सांगायचं. बायकोकडून निरोप धाडला, भावाला पाठवलं, तर बंदरावर त्याचं नाव खराब होतं. वडिलांना असा निरोप एकदा आला होता. त्यांनी निरोप आणणाऱ्याला पाणी दिलं आणि त्या खलाशाचं नाव पुन्हा कधी घेतलं नाही.

मी शिकलेली बाई. बंदरावरच्या या रीतींची मी घरात थट्टा करत असते. पण तोंडातून गेलं, "फोनवर नाही. तू तिथे जेवलीयस, चार दिवस राहिलीयस. समोर जाऊन सांगायचं."

"मम्मी!"

"वाटेवरच आहे. पाच मिनिटं लागतील. सांगायचं आणि गाडीत येऊन बसायचं."

मला ते म्हणणं परवडत होतं. मी जिंकले होते. पास्कलने खुर्ची सोडली आणि माझ्याकडे बघितलं. "बराबर," तो म्हणाला.

समुद्राच्या कडेने

उतरणीचा रस्ता मला त्यानंतर मुळीच लांब वाटला नाही. चहाचे मळे, रबराची झाडं, दर वळणावर चर्च. कोट्टायमला आम्ही पोटभर मासे खाल्ले, आणि ते ताजे आहेत असं पास्कलने स्वतः होऊन सांगितलं. जास्मिन मागच्या सीटवर आडवी पडून गाणी लावत होती. मी केळ्याचे वेफर्स घेतले, शेजारणींसाठी वेलची घेतली. मनातल्या मनात तिची लॅबची नोकरी परत मिळवली, माहेरच्या ओळखीत एक मुलगा चांगला आहे त्याचंही नाव आठवून ठेवलं. समुद्र दिसायला लागला तसा पास्कलही मोकळा झाला, बंदरं बघत, इथल्या बोटींच्या नाळी, म्हणजे पुढची टोकं, कशा उंच असतात ते सांगत. कोझिकोडच्या अलीकडे मुक्काम केला. संध्याकाळच्या रोजरीत मी त्या दिवशी उलटंसुलटं काही मागितलं नाही, नुसती म्हटली.

फाटकाशी

मठ मंगळूरच्या अलीकडे एका टेकडीवर आहे. लाल जांभ्याची भिंत, आत फणसाची झाडं, आणि फाटकापासून दारापर्यंत चढ. दुसऱ्या दिवशी दुपार उतरताना आम्ही तिथे पोचलो. फाटकाशी एक म्हाताऱ्या सिस्टर झारीने कुंड्यांना पाणी घालत होत्या. जास्मिनला बघून त्यांनी झारी खाली ठेवली. "यो गो, भितर यो," त्या म्हणाल्या. ते आम्हाला सगळ्यांना कळलं.

आम्हालाही त्यांनी बोलावलं. पास्कलने हात जोडून नको म्हटलं. मीही नको म्हटलं. आत गेलो तर चहा येणार, खाणं येणार, आणि त्या घरचं खाऊन वर नाही म्हणायला तो तयार नव्हता. जास्मिन एकटी गेली. रिकाम्या हातांनी, ओढणी सारखी करत, चढावरून. आम्ही गाडीला टेकून उभे राहिलो. पास्कलने उरलेसुरले बोंबील त्या सिस्टरांना नेऊन दिले. त्यांनी पिशवीत डोकं घालून वास घेतला आणि त्या खूश झाल्या.

मी मागची सीट साफ केली. वेफर्सचा चुरा झटकला, तिची उशी नीट लावली, पाण्याची बाटली तिच्या हाताला येईल अशी ठेवली. पाच मिनिटं केव्हाच होऊन गेली होती. पास्कल टायर बघत गाडीभोवती फिरत होता.

शेवटी ती आली. भराभर चालत, चेहरा धुतल्यासारखा.

"सांगितलंस?" मी विचारलं.

"सांगितलं."

"मग? रागावल्या?"

"नाही. म्हणाल्या, ठीक आहे बाळा, जेवून जा. बास, एवढंच." ती गाडीच्या दारापाशी थांबली. मी दार उघडून धरलं होतं. "मम्मी, कुमळीहून निघाल्यापासून मला हे सांगायची भीती होती. गाणी लावली तरी जात नव्हती. सांगून टाकलं आणि एकदम गेली. मग मी तिथे बाकावर बसले. म्हटलं, आता भीती नाही, आता निघू या. तर उठवेचना. मला घरी यायचंच नाहीये, मम्मी. मला इथेच राहायचंय."

"कोणी काही बोललं का तुला आत?"

"कोणीच नाही गं. मी एकटीच बसले होते." मग ती पास्कलकडे वळली. "डॅडी, डिकी उघडा ना. बॅग."

पास्कल जागचा हलला नाही. किल्ली त्याच्या हातात होती आणि तो माझ्याकडे बघत होता. मी नको म्हटलं असतं तर त्याने ती खिशात घातली असती, हे मला त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मला खूप काही म्हणायचं होतं. मला तिच्यावर ओरडायचं होतं, त्या पडवीवर आणि तिथे बोलून गेलेल्या माझ्या तोंडावर ओरडायचं होतं. मी तिला समोर जाऊन सांगायला लावलं होतं, आणि तिने अगदी मी सांगितलं तसंच केलं होतं. तिच्या चेहऱ्यावर कुमळीपासूनचा शीण नव्हता. तो सगळा माझ्या अंगात येऊन बसला होता.

"उघडा," मी म्हटलं.

बॅग जड होती. तिने एका बाजूने उचलली, मी दुसऱ्या बाजूने, आणि आम्ही दोघी चढ चढू लागलो. दारापाशी ती म्हणाली, "दे आता, मम्मी." माझी बोटं लगेच उघडेनात.